देवडीवरची रुजुवात

शासकीय सेवेत असताना माझ्या टेबलावरून ज्या फायली गेल्या, त्यांतल्या निम्म्या तरी एकाच प्रश्नाभोवती फिरत असत : समोरचा माणूस तोच कशावरून? जमिनीचा फेरफार, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, जातीचा दाखला. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा, शिक्का वेगळा, पण प्रश्न हाच. निवृत्त होऊन रायपुरात स्थिरावलो तेव्हा वाटले होते की या प्रश्नातून सुटका झाली. मागच्या वर्षी तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला, आणि या खेपेस त्याच्या हातात फाईल नव्हती, संगणक होता.

झाले असे. आमचे रायपुरात एक छोटेसे मराठी वाचन मंडळ आहे. साठ-सत्तर सभासद. बहुतेक मंडळी दोन-तीन पिढ्यांपूर्वी नागपूर-वऱ्हाडाकडून आलेली, काहींची घराणी तर थेट भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात असलेली. मुले मात्र पुणे, बंगळूर आणि त्याही पलीकडे गेलेली. २०२० च्या टाळेबंदीत बैठका संगणकावर सुरू झाल्या आणि मग तशाच राहिल्या, कारण त्यामुळे दूरची मुलेही येऊन बसू लागली. गप्पांसाठी एका लोकप्रिय संदेश-सेवेवर आमचा समूह होता. एके दिवशी त्या समूहात मंडळातील एका ज्येष्ठ सभासदाच्या नावाने आणि छायाचित्रासह निरोप आला की, घरी आजारपण आहे, तातडीने पैसे हवेत, लाजेपोटी फोन करवत नाही. दोन वृद्ध भगिनींनी प्रत्येकी पंचवीस हजार रुपये पाठवले. ज्यांच्या नावाने निरोप आला ते गृहस्थ त्या वेळी घरी झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

पैसे परत मिळाले नाहीत. पण त्याहून वाईट म्हणजे, त्यानंतर समूहात कोणी काही लिहिले की इतरांच्या मनात शंका येऊ लागली. तेव्हा मंडळाने ठरवले की आपला स्वतःचा सर्व्हर असावा. संदेश आपल्याच यंत्रावर, बैठकीची खोली आपलीच. एका सभासदाची मुलगी संगणक अभियंता आहे. तिने भाड्याच्या सर्व्हरवर गप्पांसाठी मॅट्रिक्स आणि बैठकांसाठी जित्सी अशा दोन मुक्त प्रणाली चार दिवसांत उभ्या केल्या आणि मला म्हणाली, "काका, घर बांधून झालं. आता दारात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे तुम्ही सांगा. तुम्ही एवढी वर्षं हेच तर केलंत."

मी जन्मजात कारकून. एका संध्याकाळी नियमावली लिहून दिली : मोबाइलवर आलेला ओटीपी आणि शासकीय ओळखपत्राची प्रत. पहिल्या आठवड्याचा निकाल असा लागला की मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद, वय वर्षे चौऱ्याऐंशी, बाहेर राहिल्या, कारण त्यांच्या फोनचे सिमकार्ड मुलाच्या नावावर होते आणि ओटीपी बंगळूरला जात होता. आणि कोणाच्याच ओळखीचा नसलेला एक विमा-प्रतिनिधी सर्व कागदपत्रांसह रीतसर आत आला, कारण कोणीतरी त्याला दुवा पुढे पाठवला होता. कागद खरे, मोबाइल खरा, माणूसही खरा, फक्त तो आमचा नव्हता. मावशींनी (त्यांना सगळे मावशीच म्हणतात) मला घरी बोलावून सुनावले, "अहो साहेब, मला सगळं तात्यापारा ओळखतं. तुमची पेटी तेवढी ओळखत नाही. मग चुकलं कोण, मी की पेटी?"

या प्रश्नाने मला जुन्या पुस्तकांकडे परत नेले. तिथे जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

मराठीत पडताळणीसाठी एक जुना आणि नेमका शब्द आहे : रुजुवात. एका कागदाशी दुसरा कागद, हिशेबाशी रोकड, माणसाशी नोंद ताडून पाहणे म्हणजे रुजुवात. मराठ्यांच्या दप्तरात यासाठी केवढी यंत्रणा होती! शिवकालीन पत्राच्या आरंभी मुद्रा, शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही समाप्तीची मोर्तब. तिच्यामुळे मजकुराची सीमा ठरे. मोर्तबेच्या खाली कोणी एक ओळ वाढवली तर ती आपोआप खोटी. पत्र लांब असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत आणि जोडावर पाठीमागून शिक्का मारत, म्हणजे मधला बंद कोणी बदलला तर शिक्का तुटलेला दिसावा. ज्या दफ्तरांतून कागद गेला त्यांचे 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे. आणि ज्याला अक्षर येत नाही त्याचे काय? त्याची निशाणी. गावच्या महजरावर पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, बलुतेदारांची आपापली हत्यारे काढलेली दिसतात. हा नांगर कोणीही काढू शकला असता हे उघड आहे. पण निशाणी चारचौघांसमोर, पांढरीत बसून काढली जाई, आणि बसलेल्यांपैकी प्रत्येक जण पाटलाला ओळखत असे. नांगराची खरी किंमत त्या बसलेल्यांमुळे होती.

थोडक्यात, कागदाची रुजुवात आपल्याकडे पक्की होती. माणसाची मात्र एकदा अशी फसली की राज्य हादरले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचा देह ओळखून त्यावर अंत्यसंस्कार झाल्याचे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. पण पुण्यातल्या कोणी तो देह पाहिला नव्हता. पार्वतीबाईंनी पतीचे निधन मान्य केले नाही आणि १७८३ मध्ये मरेपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. अशा वातावरणात काही वर्षांतच सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात तो पकडला गेला, त्याची चौकशी झाली, त्याला कैदेत टाकले गेले. खरे तर प्रकरण तिथेच संपायला हवे होते.

पण माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात बारभाई आणि राघोबादादा यांचा झगडा पेटला. १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्या कैद्याला सोडले आणि भाऊ म्हणून पुढे आणले. बघता बघता कोकणातले अनेक किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो लोक भोवती जमले, आणि ही फौज बोरघाटापर्यंत आली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो पळाला, तो राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात आणून त्याची उघड चौकशी करण्यात आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाने ही कथा मराठी घरांत पोहोचवली, पण प्रशासनाच्या दृष्टीने ती वाचणारे थोडेच.

प्रशासनाच्या दृष्टीने त्यात मला तीन गोष्टी दिसतात. सर्वांत जवळचा साक्षीदार सर्वांत विश्वासार्ह असतोच असे नाही. पार्वतीबाईंना नवरा जिवंत असायला हवा होता. लांबच्या साक्षीदारांचेही तेच. किल्लेदारांपैकी अनेकांना बारभाईंच्या विरोधात कोणीतरी हवे होते. आणि ज्या अधिकाऱ्याच्या हाती तुरुंगाची किल्ली होती, त्यानेच ओळखीचा शिक्का मारला. एकदा सुभेदारच म्हणतो की हे भाऊ आहेत, म्हटल्यावर खालच्या किल्लेदाराने कोणाला विचारावे? आजच्या भाषेत बोलायचे तर सर्व्हरचा व्यवस्थापकच फितूर झाला होता. त्याउलट पुण्याच्या चौकशीचे बळ तिच्या उघडपणात होते. भाऊंना पाहिलेले, त्यांच्याजवळ वावरलेले अनेक जण तेव्हा हयात होते. एकाची चूक दुसरा पकडू शकत होता.

आता दुसरा प्रसंग. त्याचा संबंध थेट रायपूरशी आहे, म्हणून इथल्या वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पदच्युत केले आणि मे १८१८ मध्ये पहाऱ्यात अलाहाबादकडे रवाना केले. वाटेत, जबलपूरच्या बाजूला मुक्काम असताना, आप्पासाहेब शिपायाचा वेष करून निसटले. पहारा होता, ठरलेल्या वेळी तंबूत डोकावून पाहिलेही जात होते. पण बिछान्यावर उशा रचून ठेवलेल्या, आणि सेवक बाजूला बसून जणू धन्याचे पाय चेपत आहेत. पाहणाऱ्याला माणूस दिसत राहिला. ओळख आधी पक्की झालेली होती. 'तोच अजून इथे आहे का' एवढे मात्र कोणी विचारले नाही. पुढे आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गेले आणि फिरत फिरत शेवटी जोधपूरच्या आश्रयाला जाऊन १८४० मध्ये तिथेच वारले. इकडे गादीवर अल्पवयीन रघुजी बसला आणि रेसिडेंट जेंकिन्सच्या हाताखाली सगळा कारभार गेला. त्याच व्यवस्थेत छत्तीसगढचा अधीक्षक म्हणून आलेल्या अ‍ॅग्न्यूने जिल्ह्याचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. म्हणजे आज आपण ज्या शहराला राजधानी म्हणतो, त्याच्या मोठेपणाची सुरुवात ज्या व्यवस्थेत झाली, तिच्या आरंभीच एका रिकाम्या बिछान्याची गोष्ट आहे. १८३० मध्ये कारभार भोसल्यांकडे परत आला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. पण कचेरी रायपुरातच राहिली.

परक्या सरकारला अडचण वेगळीच होती. पांढरीत बसून नांगर ओळखणारे लोक त्यांच्याकडे नव्हते. कलेक्टर दर तीन वर्षांनी बदलणार, त्याला रयतेतला एकही चेहरा ठाऊक नाही. मोगलांच्या लष्करात घोड्याला डाग आणि स्वाराचा 'चेहरा' म्हणजे वर्णन लिहून ठेवण्याची चाल होती, पण 'गव्हाळ वर्ण, उजव्या भुवईवर तीळ' हे किती जणांना लागू पडेल! तेव्हा असे चिन्ह हवे होते की जे ओळखायला माणसाला ओळखावे लागू नये. ते सापडले बंगालमध्ये. १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या संपूर्ण पंजाचा ठसा करारावर घेतला. करार होता रस्त्याच्या खडीचा. उद्देश शास्त्रीय नव्हता. कोनाईने उद्या 'सही माझी नाही' म्हणू नये म्हणून त्याला थोडे दडपण यावे, इतकाच. पण हर्शेल ठसे जमवत राहिला आणि वर्षे लोटली तरी रेषा बदलत नाहीत हे त्याच्या ध्यानात आले. १८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने निवृत्तिवेतनधारक, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तीन ठिकाणी बोटांचे ठसे सुरू केले. निवृत्तिवेतन का? मेलेल्या माणसाच्या नावाने वेतन उचलणारे नातेवाईक तेव्हाही होते. आपण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, आणि २०१४ पासून तो बोटाचा ठसा देऊन संगणकावरही देता येतो. त्या रांगेच्या टोकाला हुगळीची ती कचेरी आहे. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने प्रसिद्ध झाली. ती बसवण्याचे कष्ट अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी नोकरांचे. आपल्या खात्यांत हे काही नवीन नाही. असो.

ठशाने काय साधले आणि काय नाही, हे नीट पाहायला हवे. आज ठसा देणारा हा मागच्या वेळी ठसा देणाराच आहे, एवढे तो सांगतो. मागच्या वेळी ठसा देणारा कोण होता, हे तो सांगत नाही. कोनाई हा कोनाई आहे हे हर्शेलला ठशाने कळलेले नव्हते. ते त्याला आधीच ठाऊक होते. पहिल्या दिवशीची ओळख आणि दुसऱ्या दिवसापासूनची ओळख या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माणूस लागतो, दुसरीला खूण पुरते. मी ओटीपी आणि ओळखपत्र मागितले तेव्हा नेमका हाच घोटाळा केला होता : दुसऱ्या दिवसाची खूण घेऊन पहिल्या दिवसाचे काम चालवू पाहिले.

आणि खूणही कधी कधी पुसली जाते. नोकरीत असताना एकदा दौऱ्यावर खडीच्या खाणीजवळच्या गावी रास्त भाव दुकान तपासायला गेलो होतो. एक म्हातारी दगडफोडी बाई यंत्रावर पुन्हा पुन्हा अंगठा ठेवत होती. अंगठा गुळगुळीत झालेला. दुकानदार तिला तीस वर्षे ओळखत होता, रांगेतल्या प्रत्येकाला तिचे नाव ठाऊक होते, आणि तिला तांदूळ मिळत नव्हता. मी पर्यायी नोंदवहीत नोंद करून तांदूळ द्यायला लावला, तशी तरतूद होतीच. पण अधिकारी समोर उभा असल्याशिवाय ती वापरण्याची दुकानदाराची हिंमत नव्हती, उद्या चौकशी झाली तर म्हणून. कोनाईची खडी फोडणाऱ्यांचे ठसे हर्शेलने घेतले असतील का, असे त्या दिवशी परतताना मनात आले होते. मावशी दारातून परत गेल्या तेव्हा मला ही बाई आठवली.

संगणकाच्या जगात यायला मात्र फार वेळ लागला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी वेळ वाटून काम करावे म्हणून एक प्रणाली झाली. फर्नांडो कोर्बाटो यांच्या या प्रणालीत प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाने सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. कारण? त्याला वाट्याला आलेला वेळ पुरत नव्हता. पासवर्ड जन्मला आणि वर्षभराच्या आतबाहेर फुटलाही. पासवर्ड म्हणजे शेवटी परवलीचा शब्दच. किल्ल्याच्या दरवाजावर रात्री जो विचारत. परवलीचा शब्द ज्याला ठाऊक तो आपला, इतकेच दरवान जाणतो.

आमच्या सरकारी कचेऱ्यांत या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच, याचे मला आता हसू येते. दोन हजारच्या दशकात जिल्ह्याच्या ठिकाणी एनआयसीची व्हिडिओ कॉन्फरन्सची खोली असे. पडद्यावर कलेक्टर दिसतो म्हणजे तो कलेक्टर, कारण खोलीच्या दारावर शिपाई आणि किल्ली त्याच्याकडे. २०२० मध्ये ती खोली एकाएकी प्रत्येकाच्या घरात गेली आणि शिपाई मात्र मागे राहिला. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला एका प्रसिद्ध बैठक-सेवेविषयी सूचनापत्र काढावे लागले. त्यातल्या बहुतेक सूचना दरवाजाविषयीच होत्या : दर बैठकीला नवा क्रमांक आणि पासवर्ड ठेवा, प्रतीक्षाकक्ष सुरू करा, सगळे आले की दार लावून घ्या.

स्वतःचा सर्व्हर असला म्हणजे हे सगळे आपोआप सुटते अशी माझीही समजूत होती. ती फ्रान्सने दूर केली. फ्रान्स सरकारने अधिकाऱ्यांसाठी स्वतःची संदेश-प्रणाली उभारली, नाव चॅप, आणि पाया आमच्यासारखाच मॅट्रिक्सचा. एप्रिल २०१९ मध्ये ती खुली झाली. नियम सरळ होता : ज्याचा ईमेल सरकारी पत्त्यावरचा त्यालाच प्रवेश. एका सुरक्षा-संशोधकाने पहिल्याच दिवसांत स्वतःच्या खासगी पत्त्यापुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पत्ता जोडून एक विचित्र जोडपत्ता लिहिला. दारावरच्या तपासनिसाने त्याचे शेपूट पाहिले : सरकारी. पडताळणीचे पत्र पाठवणाऱ्याने त्याचे डोके पाहिले : खासगी. पत्र संशोधकाच्या घरी गेले, त्याने होकार दिला, आणि तो एलिझे राजवाड्याचा कर्मचारी म्हणून आत गेला. त्याने चूक लगेच कळवली आणि ती लगेच दुरुस्तही झाली, म्हणून निभावले. बंदांच्या जोडावर शिक्का मारणाऱ्या आपल्या चिटणिसाने ही चूक केली नसती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच्याच राज्यात तोतया बोरघाटापर्यंत आला होता, तेव्हा गप्प बसावे हे बरे.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही नियमावली फाडली आणि नवी केली. तपशील देतो, कारण परदेशातील काही मंडळांनी विचारणा केली आहे.

मॅट्रिक्सचा सर्व्हर आता मुळातच सावध झाला आहे. २०२२ पासून पडताळणीशिवाय सरसकट नोंदणी उघडी ठेवायची झाली तर 'हो, मला हेच हवे आहे' असे मुद्दाम लिहून द्यावे लागते, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही. आम्ही खुली नोंदणी बंद ठेवली. प्रत्येक नव्या सभासदासाठी एकदाच वापरता येईल आणि सात दिवसांत बाद होईल अशी प्रवेशखूण निघते. ती मिळण्यासाठी दोन जुन्या सभासदांनी जामीन राहायचे. जामीन म्हणजे काय, तर 'मी या माणसाला समोरासमोर ओळखतो' असे वहीत लिहून सही करायची; दोन्ही जामीन एकाच घरातले चालत नाहीत. ही अट पार्वतीबाईंची आठवण ठेवून घातली आहे. ओळखपत्राच्या प्रती आम्ही नष्ट केल्या. ज्याची राखण करता येत नाही ते घरात ठेवू नये. साठ माणसांच्या ओळखपत्रांचा गठ्ठा भाड्याच्या यंत्रावर ठेवणे म्हणजे चोराला निमंत्रण.

मग दुसऱ्या दिवसापासूनची खूण. मॅट्रिक्समध्ये प्रत्येकाच्या फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते, आणि दोघांनी एकमेकांच्या किल्ल्या पडताळून पाहायच्या असतील तर दोन्ही फोनांवर सात चित्रे उमटतात. चौसष्ट चित्रांच्या संचातून सात. एकूण शक्यता सुमारे चार लाख चाळीस हजार कोटी. मध्ये कोणी तिसरा बसून दोघांनाही फसवत असेल तर दोन्हीकडची चित्रे जुळत नाहीत. मात्र चित्रे त्याच पेटीतून विचारण्यात अर्थ नाही. समोर बसून किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर वाचून दाखवावी लागतात. मला यात पाटलाचा नांगर दिसला. लिहितावाचता न येणाऱ्यालाही ताडता यावी अशी निशाणी, आणि तिच्यामागे एकमेकांना ओळखणारी दोन माणसे.

परांजप्यांचा प्रश्न राहिलाच : किल्ली ज्याच्या हाती तोच फितला तर? सर्व्हरचा व्यवस्थापक कोणाचाही पासवर्ड बदलून त्याच्या नावाने आत जाऊ शकतो. पण त्याच्या नव्या यंत्रावर जुन्या किल्लीची मोहोर नसते, त्यामुळे ज्यांनी त्या सभासदाची चित्रे आधी ताडली आहेत त्यांच्या फोनवर लाल इशारा दिसतो. म्हणून आम्ही सर्वांना एकच गोष्ट शिकवली : लाल खूण दिसली की लिहू नका, फोन करा. व्यवस्थापकाचा पासवर्ड त्या अभियंता मुलीकडे आहे. तिने काय काय केले याची नोंद दर महिन्याला खजिनदार पाहतात. तिला याचा राग आला नाही. "काका, माझ्या कंपनीतही असंच असतं," म्हणाली.

बैठकीच्या जित्सीला मूळ स्वरूपात दरवाजाच नसतो. खोलीचे नाव ज्याला कळले तो आत. २०२३ च्या ऑगस्टपासून जित्सीच्या सार्वजनिक सेवेवरही खोली उघडणाऱ्याला आधी आपली ओळख द्यावी लागते, यावरून काय ते समजावे. आमच्याकडे नोंदलेला सभासदच खोली उघडू शकतो, पाहुणे बाहेरच्या दालनात थांबतात. या दालनाला इंग्रजी नाव होते. आम्ही 'देवडी' म्हणतो. बैठकीच्या दिवशी पाळीपाळीने एक जण देवडीवर बसतो, नाव विचारतो, दोन वाक्ये बोलतो आणि आत सोडतो. आप्पासाहेबांच्या उशांवर मात्र आम्हाला पूर्ण उपाय सापडलेला नाही. सभासद उठून गेला आणि त्याच्या उघड्या फोनवर दुसरा बसला, तर यंत्राला पत्ता लागत नाही. म्हणून पैशाचा विषय पेटीत काढायचाच नाही, असा साधा नियम आहे. कोणी काढलाच तर त्याच्या घरी फोन जातो.

मावशींच्या फोनची पडताळणी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन केली. जामीन म्हणून त्यांनी शेजारच्या वाड्यातले सुतार गुरुजी आणि मंडळाच्या चिटणीस यांची नावे दिली, आणि वर विचारले, "आणि तुम्हाला जामीन कोण राहिलं होतं?" मला कोणीच राहिले नव्हते, नियम करणाऱ्याने स्वतःला आधीच आत घेतले होते. त्या दिवशी वहीत माझेही नाव लिहिले गेले, जामीन मावशी. मग चष्मा पुसून त्यांनी चित्रे वाचायला घेतली : हत्ती, छत्री, केळे, घंटा, सायकल, कासव, किल्ली. माझ्या फोनवरही तीच होती.

त्यानंतर आठ महिन्यांत एकोणपन्नास सभासद वहीत आले. उरलेल्यांपैकी काहींना हा सगळा खटाटोप वाटतो आणि ते जुन्या समूहातच आहेत. आज सकाळी एका तरुणाचा अर्ज आला आहे; आजोबा रायपूरचे, आता कुटुंब टोरांटोला. त्याला ओळखणारे एक सभासद मिळाले, दुसरे अजून नाहीत. तोवर रविवारच्या बैठकीला त्याने देवडीवर थांबावे, तिथे मावशींची पाळी आहे.